आधी एक्झिट, मग इनिट
मॉड्यूल काढलं, सगळं शांत. आणि अर्ध्या सेकंदात अख्खं मशीन आडवं! दोन शनिवार यातच गेले बघा.

चूक माझीच. माझा टायमर दर 500 मिलिसेकंदांनी स्वतःलाच पुन्हा लावायचा. ड्रायव्हरची मेमरी मोकळी केली, पण टायमर थांबवलाच नव्हता. टायमर इंटरप्ट आला आणि कर्नल बिचारा ठरल्या वेळी रिकाम्या घरात शिरला.

नुसतं ‘टायमर_डिलीट’ही पुरत नाही, कॉलबॅक दुसऱ्या सीपीयूवर चालू असू शकतो. तो संपेपर्यंत ‘टायमर_डिलीट_सिंक’ थांबतं. 2023 च्या लिनक्स 6.2 पासून ‘टायमर_शटडाउन_सिंक’ही आहे, त्यानंतर टायमर पुन्हा लागतच नाही.

असो. हल्ली मी एक्झिट फंक्शन आधी लिहितो.