टिबुकली आणि दयाळ

अंबडास राहूं लागल्यापासून दोन पक्षी आमच्या नित्य परिचयाचे झाले आहेत. परसांतील लिंबाच्या ढोलींत दयाळ घरटें करतो आणि गांवाबाहेरच्या पाझर तलावांत टिबुकल्या असतात. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गास आम्हीं या दोहोंची तुलना लिहावयास सांगितली, आणि मुलांच्या सोयीसाठीं पहिलें वाक्य स्वतः फळ्यावर लिहिलें: 'टिबुकली हें एक लहान बदक आहे.' वीस वर्षें आम्ही हेंच शिकवीत आलों होतों.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो सुटीच्या दिवशीं बापाबरोबर तलावावर जाळें टाकावयास जातो. "सर, तें बदक नव्हे. बदकाच्या बोटांमध्यें कातडें असतें. हिच्या एकेका बोटाला निरनिराळी पाकळी असते. जाळ्यांत अडकलेली मीं सोडविली आहे." वर्ग हंसला. आम्ही त्याला "खालीं बस" म्हणालों.

सलीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ पासून लोकांच्या हातीं आहे. तें आमच्या कपाटांतहि होतें, पण त्या रात्रीं प्रथमच नीट उघडलें. मुलाचें म्हणणें खरें होतें. दुसऱ्या दिवशीं फळ्यावरील वाक्य सर्वांसमक्ष पुसलें, तों तोच गैरहजर! चौथ्या दिवशीं तो आला, तेव्हां तें वाक्य पुन्हा लिहून पुन्हा पुसावें लागलें.

पुढें वाचतां वाचतां आणखी कळलें. टिबुकलीचे जवळचे सोयरे बदकें नव्हत, तर पैठणच्या नाथसागरावर येणारे ते उंच टांगांचे रोहित! जनुकांच्या तपासणीवरून २००१ सालीं हें पुढें आलें. दयाळहि पूर्वीं कस्तुरांच्या कुळांत गणला जाई, आतां तो माशीमारांत गणला जातो. हें वाचून आम्हांस थोडा धीर आला, हें कबूल केलें पाहिजे. या दोन पक्ष्यांचे पूर्वज मात्र एकमेकांपासून सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं दुरावले.

नंतर एका सकाळीं त्या मुलास घेऊन आम्ही तलावावर गेलों. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदीं मागें असल्यामुळें जमिनीवर तिला धड चालतां येत नाहीं. तिचें घरटें पाण्यावरच तरंगतें, आणि बाहेर जातांना ती अंडीं पाणवनस्पतींनीं झांकून जाते. दयाळाचीं पिलें उघडीं आणि आंधळीं जन्मतात. हिचीं पट्टेदार पिलें लौकरच आईच्या पाठीवर बसून फिरूं लागतात. तसें एक आम्हीं पाहिलें, म्हणजे त्यानें दाखविलें.

बांधावरच्या विजेच्या खांबावर दयाळ गात होता. गाणाऱ्या पक्ष्यांना आपलें गाणें ऐकून शिकावें लागतें, असें आम्हीं सांगितलें. मुलानें विचारलें, "मग हिला गाणें येत नाहीं का, सर?" आम्ही उत्तर देणार, इतक्यांत पाणकणसांतून टिबुकली खिदळल्यासारखी ओरडली आणि तिनें बुडी मारली.

"आतां तिकडे निघेल," असें म्हणून त्यानें बोटानें जागा दाखविली. ती तेथेंच वर आली.