बाणाईची पायरी

गेल्या एका सोमवती अमावास्येस आम्ही सहकुटुंब जेजुरीस गेलों. त्या दिवशीं देवाची पालखी कऱ्हेच्या स्नानास जाते. खंडोबा आमचें कुलदैवत. भंडाऱ्यानें पिवळ्या झालेल्या पायऱ्या चढत असतां निम्म्या वाटेवर बाणाईचें देऊळ लागलें. तेथें न थांबतां वर जावयाचें, ही आमच्या घरची रीत. थोरल्या काकू मात्र थांबल्या, पदर सांवरून त्यांनीं मूठभर भंडारा वाहिला.

म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक. तिचें स्थान वर देवाजवळ. बाणाई धनगराची; तिच्यासाठीं देवानें मेंढरें राखलीं आणि सवतींच्या कलहामुळें ती खालीं राहिली, अशी कथा आहे. आम्ही तिला केवळ करमणुकीची गोष्ट समजत होतों. डॉ. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन पंडितांनीं धनगरांत हिंडून त्यांच्या ओव्या गोळा केल्या, त्यांचें लेखन वाचल्यावर आमची समजूत पालटली. पेठेंतला वाणी आणि रानांतला मेंढपाळ यांच्यांत बेटीव्यवहार नव्हता. परंतु देवाच्या संसारांत ते सोयरे झाले. जें समाजाला जमलें नाहीं, तें कथेनें घडविलें.

पण असा उलगडा झाल्यावर हात जोडावे कीं नाहीं? आम्ही काकूंना विचारलें, “आपली रीत नसतां आपण कां थांबलांत?”

त्या म्हणाल्या, “अरे, देवानें जिला घरची म्हटलें, तिला ओलांडून जाणारे आपण कोण?”

उतरतांना आम्हीही त्या पायरीशीं थांबलों. श्रद्धेनें कीं ज्ञानानें, हें अद्याप ठरलें नाहीं. घरची रीत मात्र बदलली.