खांद्यावरचं कापरं

मी पहिल्यांदा एक्का, म्हणजे सगळ्यांत वरचा गोविंदा, म्हणून चढलो तेव्हा आठ वर्षांचा होतो, आणि भीती अशी मला वाटलीच नाही. साल १९८२. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि श्रावण आला तरी मिटायचं नाव नव्हतं. बाबा दिवसभर घरात. मोठ्यांच्या तोंडावरची काळजी दिसायची, पण ती कशाची हे आम्हां पोरांना कळत नव्हतं. गोपाळकाल्याला लालबागच्या आमच्या गल्लीत दोन चाळींच्या मधोमध दोर बांधून हंडी लावली. मी अंगाने काटकुळा. कुणीतरी काखेत धरून उचललं, वरच्याने ओढून घेतलं आणि बघता बघता मी सगळ्यांच्या वर होतो. गॅलऱ्यांतून बादल्या ओतल्या जात होत्या. मला वाटलं, आपण उडतोय.

“पोराची छाती बघा,” असं खालून कुणीतरी ओरडलं. आज पन्नाशी उलटल्यावर मी त्या पोराला धाडसी म्हणणार नाही. पडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गोविंदा वयाने वाढतो तसा थरांत खाली उतरतो. मिसरूड फुटेपर्यंत मी तिसऱ्या थराला आलो होतो. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू व्हायचा, तोही रात्री, पोरं कामधंद्यावरून घरी येऊन जेवून खाली उतरली की. पटांगणात एक पिवळा दिवा, बाजूला नारळ फोडलेला, पाऊस असला तरी सराव चुकायचा नाही. अशाच एका रात्री वरचे बसलेले गडी उठायला लागले आणि माझ्या शेजारचा माझा मित्र गेला. ओरडला नाही. माझ्या दंडावरची त्याची पकड सुटली, एवढंच मला कळलं. तो कमरेवर आपटला. घाम आणि पाऊस एक झाले होते, पाय सटकला, कुणाला दोष देण्यासारखं काही नव्हतं. टॅक्सीत आडवा घालून त्याला केईएम रुग्णालयात नेलं. पुढे तो चालायला लागला, पण ते कितीतरी महिन्यांनी.

त्यानंतर मी चढलो तेव्हा भीती म्हणजे काय ते कळलं. तोंडाला कोरड पडली. डावा गुडघा शिलाई मशीनच्या सुईसारखा आपोआप वरखाली उडायला लागला. मी त्याला थांब म्हणत होतो आणि तो माझं ऐकत नव्हता. गुडघा माझा, पण हुकूम दुसऱ्याच कुणाचा. वर उभा असलेला पोरगा म्हणाला, “काय झालं रे?” आणि लगेच त्याचेही पाय हलायला लागले. शिट्टी झाली, थर उतरवला. त्या वर्षी मी पुन्हा वर गेलो नाही.

मला खाली घेतलं, पहिल्या थरात. पथकात याला कुणी कमीपणा मानत नाही. थर लागतो तो खालच्यांच्या जिवावर, हे प्रत्येक पोराला माहीत असतं. पण बाहेरून बघणाऱ्याला खालचा माणूस दिसत नाही, म्हणून तिथे काय चालतं ते सांगतो.

मान खाली, हनुवटी छातीला. दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवरून जाऊन पलीकडच्याचा दंड पकडतात. पुढून छाती दाबलेली, मागून पाठ. दिसते ती फक्त जमीन आणि ओले पाय. मग खांद्यावर एक टाच येते. मानेच्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या मागे जो मांसल भाग असतो तिथे ती नीट बसली तर वजन सोसतं, हाडावर आली तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्या पायावर आणखी वजन येतं, मग आणखी. किती थर लागले ते डोळ्यांनी कळत नाही, खांद्याला कळतं. आणि मग वरून कापरं येतं.

वरचा घाबरला की त्याची टाच बारीक बारीक थरथरते. ते थेट आपल्या खांद्यात उतरतं. आपण आक्रसलो, श्वास रोखला, तर तेच दुप्पट होऊन त्याच्याकडे परत जातं आणि त्याच्यामार्फत त्याच्याही वरच्याकडे. अख्खा मनोरा एका माणसाच्या भीतीने हलू शकतो, हे मी अंगावर घेतलेलं आहे. उलटंही तितकंच खरं. आपण तोंडाने श्वास सोडला, पाय जमिनीत रोवले आणि खालूनच म्हटलं, “आहे रे मी, उठ तू,” की टाच हळूहळू स्थिर होते. माझी स्वतःची भीती त्या वेळी कुठे जायची? कुठेही नाही. पोटात गोळा असायचाच, दर वर्षी, शेवटच्या वर्षीसुद्धा. फरक एवढाच की खांद्यावर कुणाचं तरी पोर उभं आहे म्हटल्यावर त्या गोळ्याकडे बघायला सवड नसायची. एकट्याने मला ते कधी जमलं नसतं.

मग हंड्यांना लाखांची बक्षिसं लागली. उंची चढत गेली. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ मध्ये दहा थर लागले. ज्याने खांदा दिलाय त्यालाच कळेल की ती काय कमाई आहे, आणि त्या पोरांपुढे मी हात जोडतो. पण त्याच काळात काल्याच्या संध्याकाळी केईएमच्या दारात जखमी गोविंदांची रीघ लागायची, आणि त्यांत लहान मुलंही असायची.

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. परळ-लालबागात संताप झाला, सणात कोर्टाचं काय काम, असं आमच्या कट्ट्यावरही बोललं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती बंधनं कायम ठेवली. पुढच्या वर्षी उंचीची अट गेली आणि वयाची अट १४ वर आली. उंचीबद्दल लोकांचं काहीही म्हणणं असो, वयाची अट मला पटते आणि मी ती कट्ट्यावर मोठ्याने मांडतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला वर चढवू नये. स्पेनमध्ये कॅटलोनियातही माणसांचे मनोरे रचतात, २०१० साली ते युनेस्कोच्या वारसा यादीत आले. तिथेही टोकावर लहान मूलच जातं, पण त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं. आपल्याकडे हेल्मेट घातलं की मर्दानगी कमी होते असं मानणारे अजून भेटतात. त्यांनी एक रात्र केईएमच्या अपघात विभागाबाहेर बसून काढावी.

दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानाच्या गल्लीत नयन फाउंडेशनचं अंध गोविंदांचं पथक थर लावतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपसूक छातीवर गेला. एकेक जण पुढच्याची पाठ चाचपतो, खांदा शोधतो, पाय ठेवतो, खालचा आवाज देतो, मग वजन टाकतो. घाई नाही. आम्ही डोळसांनी सरावात जे सगळ्यांत जास्त गाळलं ते त्यांनी सगळ्यांत पक्कं केलं होतं. खालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं.

माझी भाची वीस वर्षांची आहे, महिलांच्या पथकात तिसऱ्या थराला असते. पहिल्या वर्षी सरावात ती उभी राहता राहता थांबली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “उतरवा मला.” एकही मुलगी हसली नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी शिट्टी वाजवली, सगळ्या शिस्तीत उतरल्या. घरी येऊन ती भरपूर रडली. बहीण म्हणाली, “दादा, तू सांग तिला, नको जाऊस म्हणून.” मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या रात्री ती आपणहून चप्पल घालून निघाली. उतरवा म्हणता येतं आणि म्हटलं की उतरवतात, हे तिला कळलं होतं. माझ्या मते ती त्याच बळावर पुन्हा गेली.

त्या वर्षी काल्याला दादरला मी गर्दीत उभा होतो. इतकी वर्षं मी त्या मनोऱ्याच्या आत होतो, बाहेरून बघायची सवय नाही. आणि या वेळी तिच्या खाली माझा खांदा नव्हता. हे भय मला नवीनच होतं, याच्यावर करण्यासारखं काहीच नसतं. मी खालच्या मुलींकडे बघत राहिलो. कडेची एक, दंडाला काळा धागा बांधलेली, मान खाली घालून सारखी काहीतरी बोलत होती. ओठ हलताना दिसत होते, ढोल-ताशांत शब्द ऐकू येत नव्हते. मला ऐकू यायची गरज नव्हती.

सलामी झाली, थर उतरले. भाची भिजलेली, खांद्यावर ओरखडे घेऊन पळत आली.

“मामा, पाच लागले! मी उठले ते बघितलंस ना?”

“नाही,” मी म्हटलं. “मी तुझ्या खालच्या मुलीला बघत होतो. नाव काय तिचं?”

तिने नाव सांगितलं आणि तिलाच हात धरून माझ्यापुढे आणून उभं केलं.