ल्वारच्या काठाने, सायकलवरून

मैत्रिणींनो, तुमची सायकल कुठे गेली हो? शाळेत असताना तुमच्यापैकी पुष्कळजणींकडे होती ना? माझीही होती. दादाची जुनी, उंच, दांडीची सायकल. दांडीखालून पाय घालून मी ती शिकले, दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्यावरूनच निफाडला शाळेत गेले. लग्न ठरलं आणि सायकल चुलतभावाकडे गेली. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही.

त्यानंतर छत्तीस वर्षांनी मी पुन्हा सायकलवर बसले, ती थेट फ्रान्समध्ये! आमची लेक नोकरीसाठी तिकडे असते. तिचा फोन आला, "आई, सप्टेंबरात ये. आपण दोघी ल्वार नदीच्या काठाने सायकलने फिरू." मी म्हटलं, "अगं, या वयात? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "इथले लोक बॉन्झूर म्हणतील!" आमचे हे म्हणाले, "खुशाल जा. तोवर मी कुकर लावायला शिकतो." मग काय, राहिलंच काय अडायचं!

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते. निघायच्या आठवडाभर आधी दादाने एक कागद पाठवला होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. वडिलांच्या द्राक्षबागेतला माझा हिस्सा मी सोडला, असा. बहिणीने सही करायची ही आपल्याकडची रीतच. आमच्या आत्यांनीही केली होती. तरी माझा हात का अडला कोण जाणे. 'आल्यावर बघू' म्हणून तो कागद कपाटात साड्यांखाली सरकवला आणि विमानात बसले.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्तच. नेव्हेर गावाजवळून थेट अटलांटिक समुद्रापर्यंत तिच्या सोबतीने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. चौकाचौकांत पाट्या आहेत आणि वाट बहुतेक सपाट. आम्ही त्यातला ब्लुआ ते सोम्यूर एवढाच तुकडा घेतला. सहा दिवस, रोज पंचवीस ते चाळीस किलोमीटर. पहिल्या सकाळी पाय असे लटपटले म्हणता! लेक मागून सीट धरून उभी. तिला मी जशी शिकवली होती, अगदी तशीच. दहा मिनिटांनी मागे वळून पाहते तो तिने हात केव्हाच सोडलेला.

नदीला पूर फार येतात, म्हणून शेकडो वर्षांपासून काठाने उंच बांध घातलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी सायकलची वाट या बांधांवरूनच जाते. एका बाजूला भाजीचे मळे, दुसऱ्या बाजूला नदी. सप्टेंबरात पाणी कमी, मधे वाळूची पिवळी बेटं आणि त्यांवर बगळे. अशी गरीब दिसणारी नदी, पण १८४६, १८५६ आणि १८६६ असे वीस वर्षांत तीन महापूर तिने आणले! जुन्या भिंतींवर त्या पाण्याच्या खुणा कोरून ठेवल्या आहेत. मला आपला नाशिकचा दुतोंड्या मारुती आठवला. गोदेचं पाणी त्याच्या कुठवर चढलं, यावरून आपण पूर मोजतो ना, तसंच हे.

हा राजेरजवाड्यांचा मुलूख. वाटेत किल्लेवजा महालच महाल. आंब्वाझला लिओनार्दो दा विंचीने शेवटची वर्षं काढली आणि १५१९ साली तिथेच देह ठेवला. पण मला सर्वांत भावला तो शनोंसोचा महाल. हा ल्वारवर नाही, शेर नावाच्या तिच्या उपनदीवर आहे आणि चक्क पुलासारखा नदीवर उभा आहे. तिथे त्याला बायकांचा महाल म्हणतात. आधी कात्रीन ब्रिसोने या बाईने, नवरा लढायांत गुंतलेला असताना, स्वतः देखरेख करून तो बांधून घेतला. पुढे दुसऱ्या हेन्री राजाने १५४७ साली तो आपल्या आवडत्या दियान द प्वातिएला दिला. तिने बाग केली, पूल बांधवला. १५५९ साली राजा वारला आणि राणी कात्रीन द मेदिसीने तिला सांगितलं, इथून नीघ! बदल्यात तिला शोमोंचा महाल घ्यावा लागला. राणीने मग त्याच पुलावर लांबलचक दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात त्या दालनात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं.

शोमों आम्ही आदल्याच दिवशी पाहिला होता. टेकडीवरचा, चांगला भरभक्कम महाल. तरी शनोंसोच्या बागेत उभी राहून मी विचार करीत होते, बदल्यात महाल मिळाला तरी आपण लावलेली झाडं सोडून जाताना त्या बाईला काय वाटलं असेल?

शनोंसोला जाताना एक गंमत झाली. आंब्वाझहून जंगलातला चढाचा रस्ता, आणि लेकीच्या सायकलची चेन पडली. पोरगी मोठी इंजिनियर, पण चेनला हात लावायला घाबरते! मी सायकल उलटी केली, काटकीने चेन चढवली, पेडल फिरवलं. झालं! दोन्ही हात काळेकुट्ट. ती म्हणाली, "आई, तुला हे येतं?" मी म्हटलं, "येत होतं गं. कुणी विचारलं नाही इतकंच."

चौथ्या दिवशी व्हूव्हरेला पोचलो. तूर शहराजवळचं हे द्राक्षांचं गाव. इथला दगड मऊ, पांढरा. महालांसाठी तो खणून काढला आणि डोंगरात गुहा राहिल्या. त्या गारव्यात आता वाइन ठेवतात. काही गुहांत माणसं घरं करून राहतात. इथल्या द्राक्षाची जात शेनँ ब्लां. हीच जात आपल्याकडेही नाशिकच्या बाजूला वाइनसाठी लावतात. मी चवीपुरता घोटभर घेतला. आंबूस, मागून मधासारखा गोडवा. बस्स, तेवढंच!

पण माझं लक्ष बागेकडे. आपल्यासारखा मांडव नाही, कमरेएवढ्या वेली तारांवर बांधलेल्या. बागेची मालकीण माझ्याच वयाची, हातात कात्री. लेक मधे दुभाषी. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, हे ऐकून बाई थक्क! त्यांच्याकडे हिवाळ्यात एकदाच. "मग तुमच्या वेली झोपतात केव्हा?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे वेलीही झोपत नाहीत आणि बायकाही!" खूप हसली.

मग मी विचारलंच, बाग कुणाची? म्हणाली, वडिलांची. अर्धी भावाची, अर्धी माझी. "भाऊ काही बोलला नाही?" तिला प्रश्नच कळेना. लेकीने दोनदा समजावला. ती म्हणाली, "मुलगा-मुलगी सारखे, हे आमच्या कायद्यात १८०४ पासून आहे. पण आमचंही सगळं गोड होतं असं समजू नका. १९६५ पर्यंत माझ्या आईला नवऱ्याच्या परवानगीवाचून बँकेत खातं उघडता येत नव्हतं." आणि भावाशी? "तो वरच्या ओळी बघतो, मी खालच्या. रविवारी जेवण एकत्रच."

आपल्याकडेही मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहेच. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण हक्क मागितला तर माहेर तुटेल, ही भीती. त्या रात्री मला झोप आली नाही. वाटा हवा होता का मला? खरं सांगू, मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

पुढे व्हिलांद्रीला महालापुढची भाजीबाग पाहिली. नऊ चौकोन, कोबी, बीट, भोपळे रंगांनुसार लावलेले, जणू पैठणीचा पदरच! सोम्यूरकडे गुहेतल्या खानावळीत फुए खाल्ले. भट्टीत टम्म फुगणारी छोटी भाकरी, आत लोणी, पांढरी उसळ किंवा बकरीच्या दुधाचं चीज भरायचं. शाकाहारी बाईची उत्तम सोय.

जायचं असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. सायकली भाड्याने मिळतात, विजेवर चालणाऱ्याही. गुडघे कुरकुरत असतील तर तीच घ्या. पंजाबी ड्रेस चालेल, पण ओढणी बॅगेत, नाहीतर चेनमध्ये जाईल. दुपारी बारा ते दोनच्या बाहेर जेवण मिळणं कठीण, आणि रविवारी-सोमवारी पुष्कळ दुकानं बंद; म्हणून पाव, चीज, फळं आणि आपला चिवडा जवळ असू द्या. दुकानात शिरताच आधी बॉन्झूर म्हणा, मग काय हवं ते सांगा.

घरी आले (कुकर दोनदा करपला होता!) आणि दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, सही करणार नाही असं म्हणत नाही. पण आधी तू, मी, वहिनी बसून बोलू. कागद नंतर." बराच वेळ पलीकडून आवाज नाही. माझ्या छातीत धडधड. मग म्हणाला, "गोडी छाटणी तोंडावर आलीय. तू ये."

जाणार आहे. काय ठरेल माहीत नाही. कागद अजून साड्यांखालीच आहे. पण परवा मी बाजारातून एक सायकल घेऊन आले आणि यावेळी कुणाला विचारलं नाही.

तुमची कुठे आहे, बघा बरं शोधून!