माजघरातले विमान

आमोण्यासारख्या गावी, मांडवीच्या काठी, माजघरातल्या लाकडी बाकावर बसून मी गेल्या पावसाळ्यात कितीतरी वेळा विमानाने लक्षद्वीपातील अगत्ती बेटावर जाऊन आलो, असे सांगितले तर सुज्ञ वाचकांना ती निवृत्तीकडे झुकलेल्या मास्तराची भ्रमिष्टता वाटावयाची. म्हणून प्रथमच खुलासा करतो. विमान माझ्या भाच्याच्या संगणकातले होते. आणि मी त्यातला वैमानिक नव्हे, केवळ यादी वाचणारा.

माझी धाकटी बहीण व तिचा मुलगा आमच्याच घरी राहतात. मुलाला लहानपणापासून वैमानिक व्हावयाचे होते. दाबोळीला नौदलाची विमाने उतरताना पाहण्यासाठी त्याने मला अनेक रविवार उन्हात उभे केले आहे. बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, पैशांची जुळवाजुळवही आम्ही आरंभली, आणि वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या पाटीवरचा आकडा त्याला दिसला नाही. लाल आणि हिरवा यांतील भेद त्याच्या डोळ्यांना नीट उमगत नाही, हे आम्हां कोणाच्याही तोवर ध्यानात आले नव्हते. तीन महिने तो घरात जेमतेम बोलला. पुढे वाणिज्य शाखेत गेला. आज पणजीत एका कचेरीत हिशेब लिहितो.

संध्याकाळी घरी परतला की हातपाय धुऊन तो संगणकापुढे बसे. मोपाच्या विमानतळावरून मार्च 2024 मध्ये एका नव्या कंपनीने एटीआर 72-600 जातीच्या पंख्याच्या विमानांची सेवा सुरू केली. तेच विमान, तोच मोपा, आणि तेथून साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवरचे अगत्ती. बाहेर काळोख व पावसाची झड, पडद्यावर मात्र लख्ख सकाळ. 'सव्विसाव्या वर्षी खेळणी!' असे मी एकदा त्याच्या आईदेखत म्हणालो. तो काही बोलला नाही. ते वाक्य मी म्हणावयास नको होते.

त्याचा एक सोबती दूरध्वनीवरून त्याला यादी वाचून दाखवीत असे. एका संध्याकाळी तो आला नाही. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही वाचता काय? तुमचा उच्चार स्पष्ट आहे." (आमचे घरातले बोलणे कोकणीत चालते, येथे मराठीत देतो.) मी चष्मा लावला आणि बसलो.

यंत्राची पहिली गंमत मला अशी समजली. पोटात जेटसारखेच जळते यंत्र. परंतु बाहेरचा पंखा त्या यंत्राच्या मुख्य दांड्याला जोडलेलाच नसतो. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवावेत, एक चालू करावा, त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, तसा प्रकार. तप्त वायूचा झोत दुसऱ्या चक्रावर आदळतो आणि ते चक्र दंतचक्रांच्या द्वारे पंखा फिरविते. म्हणूनच दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला चालूच राहतो. एटीआरमध्ये उजव्या यंत्राचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि जमिनीवर उभ्या विमानाला वीज व थंड हवा त्या यंत्रापासून मिळते. त्याला 'हॉटेल मोड' म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या भगिनी स्वयंपाकघरातून हसल्या.

यंत्र सुरू करतानाही घाई नाही. बॅटरी, मग स्टार्टर. फिरण्याचा वेग दहा टक्क्यांवर आला की मगच इंधन सोडावयाचे. आतल्या उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवावयाची. पंचेचाळीस टक्क्यांना स्टार्टर आपोआप सुटला की नाही ते पाहावयाचे. त्यानंतर पंख्याचा ब्रेक सोडण्याची वेळ. येथे भाचा मान वळवून उजव्या बाजूस पाही व मोठ्याने विचारी, "उजवी बाजू मोकळी?" उजव्या बाजूस आमचे भाताचे पिंप होते. मी हसलो. तो म्हणाला, "मामा, तेथे माणूस उभा असेल तर?"

मराठीचा पदवीधर म्हणून मी प्रारंभी उत्साहाने प्रतिशब्द घडविले. 'कंडिशन लिव्हर'ला 'स्थितिदंड' म्हणून पाहिले. तो म्हणाला, "मामा, तुमचा शब्द संपेपर्यंत विमान डोंगरावर आदळेल." मी तो नाद सोडला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझी चूक घडली. शाळेत हजेरी घेण्याची सवय. मी भराभर वाचीत गेलो. "फ्लॅप्स?" म्हटले आणि उत्तराची वाट न पाहता पुढची ओळ उच्चारली. त्याने कानावरचे यंत्र काढून खाली ठेवले. "मामा, मी उत्तर दिले नाही. आणि मी 'पंधरा' म्हटले तरी तुम्ही डोळ्यांनी पाहावयाचे. मी चुकलो तर तुम्हांलाच कळले पाहिजे." स्वर शांत होता. आम्ही ती यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 1997 च्या सुमाराची गोष्ट आठवत राहिली. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. मुलांना नार्वेचे सप्तकोटेश्वर दाखवून, पलीकडे दिवाडी बेटावर देवाचे मूळ स्थान दाखवावयास नेले होते. परतताना फेरीबोटीच्या धक्क्यावर मी वहीतून नावे वाचली. वर मान न करता वाचली. प्रत्येक नावाला 'हजर सर' आले. बोट नदीच्या मध्यावर आल्यावर एक मुलगी म्हणाली, अमुक दिसत नाही. त्याच्या नावाला त्याच्या मित्राने गमतीने 'हजर' म्हटले होते. बोट पैलतीरी लागून, उतारू घेऊन परत फिरेपर्यंतचा काळ मी कसा काढला ते मीच जाणे. मुलगा धक्क्याच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसला होता. भरतीचे पाणी चढत होते. त्याला काही झाले नाही, म्हणून ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितली.

त्यानेही मग मला पोखरा येथील अपघाताची हकीगत सांगितली. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळातील पोखऱ्याला एटीआर जातीचे विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले आणि आतली बहात्तरही माणसे गेली. चौकशीत असे निष्पन्न झाले की फ्लॅप्स अधिक उघडावयाचे असता हात शेजारच्या कंडिशन लिव्हरांवर गेला. दोन्ही पंख्यांची पाती वाऱ्याला कडेने वळली. होडीचे वल्हे पाण्यात आडवे धरण्याऐवजी धारेने धरले तर कितीही ओढले तरी होडी हलत नाही, तसे झाले. यंत्रे चालू होती आणि ओढ मात्र नव्हती. फ्लॅप्स त्या जागी आले नाहीत, हे पाहावयाचे राहून गेले. तेथे दोघेही अनुभवी होते. हे सांगताना भाच्याने आपल्या टेबलावरील ते दोन दांडे बोटाने दाखविले. त्यांमध्ये वीतभरही अंतर नव्हते.

असल्या नकली विमानाला मी खेळणे म्हणालो होतो. परंतु त्याचा मूळपुरुष खेळण्याच्याच घराण्यातला निघाला. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन व यांत्रिक पियानो बनविणाऱ्या कुटुंबातला. त्याने 1929 साली ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डोलणारे सरावाचे विमान बनविले. आरंभी ते जत्रांच्या ठिकाणी करमणुकीस ठेवीत. 1934 मध्ये वाईट हवेत टपाल नेताना सैन्याचे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले, तेव्हा सैन्याने त्यातली सहा विकत घेतली. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला ऑर्गनची साथ असते. त्या भात्यांकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो.

एक गोष्ट मी धीर करून विचारली, की दिव्यांचे रंग तो कसे ओळखतो. तो म्हणाला, "मी रंग पाहत नाही. जागा पाहतो. सर्व ठीक असेल तेव्हा या विमानातली बहुतेक बटणे विझलेलीच असतात. जेथे काळोख हवा तेथे उजेड दिसला, की तेवढे पुरे." त्याच्या आईने हे दारातून ऐकले आणि ती आत निघून गेली.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही टोकांना समुद्र. भाद्रपदातल्या एका रात्री आम्ही तेथे उतरलो. फ्लॅप्स तीस म्हटल्यावर मी दांडा पाहिला, मग पडद्यावरचा आकडा पाहिला, आणि मग 'तीस' म्हणालो. चाके टेकली, वेग ओसरला, विमान जागेवर उभे राहिले. मी नकळत उठू लागलो, कारण बहिणीने पाने घेतली होती.

"मामा, बसा. शेवटची यादी राहिली."

मी चष्मा पुन्हा चढविला. "पार्किंग ब्रेक?"

"लावला."

मी पाहिले. लावला होता. "इंधनाचे दांडे?"

"बंद."

बहीण भाताचे पातेले हातात धरून दारात उभी होती. तिने हाक मारली नाही.

"बॅटरी?"

"बंद," तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.