तिरफळाच्या झाडावरचा पाहुणा

बांगड्याच्या कालवणात तिरफळ हवेच, हे कोकणातल्या घरांना सांगायला नको. फळ सुकले की आतली काळी बी टाकून द्यायची आणि साल ठेचून कालवणात घालायची, एवढीच आपली त्या झाडाशी ओळख. पण याच झाडाच्या पानांवर एका दुर्मीळ फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्याचे इंग्रजी नाव मलबार बँडेड पीकॉक. केरळमध्ये त्याला बुद्धमयूरी म्हणतात आणि 2018 साली त्या राज्याने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. जगात ते फक्त पश्चिम घाटात सापडते आणि आपल्याकडे त्याला पाहायचे तर दक्षिण सिंधुदुर्गाचे जंगल गाठावे लागते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलांसह दोडामार्ग तालुक्यात गेलो ते यासाठीच. तिलारी नदीचे हे खोरे गोव्याच्या हद्दीला लागून आहे. 2020 मध्ये इथल्या जंगलाचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पाऊस नुकताच सरलेला, ओढे अजून वाहते आणि झाडांना कोवळी पालवी. फुलपाखरांसाठी हाच हंगाम.

फजरची नमाज आटोपून निघायची आमची तयारी होती. पण वाट दाखवणारे गावातले काका हसले. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावे लागते, उन्ह वर येईपर्यंत ते पानाआड बसून असते. त्यामुळे आम्ही न्याहारी करून सावकाश निघालो आणि नऊच्या सुमारास ओढ्यावर पोहोचलो.

काकांनी सांगितले, आधी फुलपाखरू शोधायचे नाही, झाड शोधायचे. तिरफळाचे झाड लांबूनही ओळखता येते, कारण बुंध्यावर जाडजूड, टोकदार काटे असतात. मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते. या कुळातल्या फुलपाखरांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना खात नाहीत. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होऊन पानात मिसळून जातात. छेडले तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मुलांना हे इतके आवडले की पुढचा अर्धा तास प्रत्येक पांढरट डागाची तपासणी झाली. अळी काही मिळाली नाही.

ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर मात्र मेळा भरला होता. नर फुलपाखरे तिथे पाण्याबरोबर क्षार शोषायला बसतात. त्यात ब्लू मॉर्मन होते, म्हणजे 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी. तेवढ्यात काळ्या पंखांवर हिरवा प्रकाश चमकवत एक मोठे फुलपाखरू उतरले. मुले ओरडणार, तोच काकांनी हात वर केला. "घाई करू नकात. आधी दोनय पंख बघा, मगे नाव घेया."

रंगावर विसंबायचे नाही, हा त्यांचा पहिला धडा. हा हिरवा कुठल्या रंगद्रव्याचा नसतो. पंखावरच्या बारीक खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाश तसा परावर्तित होतो. कोन बदलला की हिरव्याचा निळा होतो. म्हणून आकार पाहायचा. समोरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखावर एकच मोठा चमकता ठिपका होता आणि पुढचा पंख जवळजवळ काळा. ते पॅरिस पीकॉक. सुंदर, पण आम्हाला हवे ते नव्हे. बँडेड पीकॉकचा पट्टा पुढच्या पंखावरून मागच्या पंखावर सलग उतरतो. त्याचीही दोन भावंडे आहेत. कॉमन बँडेड पीकॉकचा पट्टा अरुंद, मलबारचा चांगला रुंद.

जुहरची वेळ जवळ आली तरी काही दिसेना. धाकटी कंटाळून चपलांनी पाणी उडवू लागली होती. आम्ही डबा उघडणार, इतक्यात वरच्या अंगाच्या तिरफळाकडून ते खाली आले. दहा सेंटिमीटरहून मोठे पंख आणि दोन्ही पंखांवरून गेलेला रुंद पट्टा. वाळूवर जेमतेम अर्धा मिनिट टेकले. धाकटीनेच हळूच विचारले, "पट्टा रुंद आहे ना, काका?" त्यांनी मान हलवली. आमच्या तोंडून फक्त सुबहानल्लाह निघाले.

परतताना त्या उताराचे मालक भेटले. त्यांच्या जमिनीत पूर्वी तिरफळाची डझनभर झाडे होती, आता पाच उरली आहेत. शेजारच्या उतारावर रबराची लागवड झाली आहे. त्यांचा हिशेब सरळ होता. तिरफळ वर्षातून एकदा येते, काट्यांमुळे तोडायला माणूस मिळत नाही आणि रबराच्या चिकाचे पैसे वर्षातले बरेच महिने हाती येतात. घरात शिकणारी दोन मुले आहेत. त्यांना काय सांगावे, हे आम्हाला सुचले नाही. त्यांच्याकडचे सुकवलेले तिरफळ तेवढे दोन किलो विकत घेतले आणि नातेवाइकांत वाटले. पुढच्या हंगामासाठी त्यांतल्या तिघांनी मागणीही नोंदवली आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, तुम्ही गेलात तर जाळे नेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या फुलपाखराला संरक्षण आहे. ओल्या वाळूपासून चार पावले दूर बसा, सावली त्यावर पडू देऊ नका. मुलांना वही द्या. तारीख, वेळ, जवळचे झाड आणि पट्ट्याचा आकार लिहू द्या. आणि कोकणात वडिलोपार्जित जमीन असेल, तर साफसफाई करण्यापूर्वी काटेरी बुंध्याचे झाड नीट पाहून घ्या. ते तिरफळ असेल तर राहू द्या. त्याला गिऱ्हाईक राहिले, तर ते झाड टिकेल आणि त्याच्यावर पोसणारा पाहुणाही.