करमाळ्याच्या माळावरचं गोपूर

करमाळा गाव मागं टाकून पूर्वेला देवीच्या माळाकडे वळलं, की रानांच्या वर आधी दिसतं ते गोपूर. रुंद पायावर उभं, मजल्यामजल्यानं निमुळतं होत गेलेलं. कुंभकोणम किंवा तिरुवण्णामलैला जाऊन आलेल्या माणसाला ही आकृती ओळखीची असते, पण ज्वारीच्या मुलखात ती भेटेल असं त्याच्या मनातही आलेलं नसतं. आणखी जवळ गेल्यावर समोर तीन उंच दीपमाळा उभ्या दिसतात आणि आपण सोलापूर जिल्ह्यातच आहोत, याची खात्री पटते.

हे कमलाभवानीचं देऊळ. करमाळ्याची मंडळी कमलादेवी म्हणतात, कुणी नुसतंच ‘आई’ म्हणतात. तुळजापूरच्या भवानीचं हे दुसरं ठाणं, अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. राजे रावरंभा निंबाळकरांनी 1727 च्या सुमारास ते बांधलं.

दूरच्या मुलखाची शोभा आपल्याच मुलखात शोधत फिरण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही सुटीच्या दिवशी अशा गावांना जातात. कॅलिफोर्नियातलं सॉल्वँग हे गाव डेन्मार्कहून आलेल्या लोकांनी 1911 मध्ये वसवलं. तिथं आज पवनचक्क्या आणि लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची घरं बघायला गर्दी होते. विस्कॉन्सिनमधलं न्यू ग्लॅरस 1845 मध्ये स्विस स्थलांतरितांनी वसवलं आणि त्याला आपल्याच परगण्याचं नाव दिलं. युरोपचा खेडवळ गोडवा विमानाशिवाय अनुभवायचा, तर तिथले लोक अशा गावांचा रस्ता धरतात.

आपल्याकडे असा विषय निघाला की पणजीचं फोंतेन्यास आठवतं, पाचगणी आठवते. फार तर रायगड जिल्ह्यातलं कोर्लई आठवतं, जिथं पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. या यादीत करमाळ्याचं नाव कुणी घेत नाही. वास्तविक ते पहिल्या ओळीत यायला हवं, कारण इथं आलेला दक्षिणेचा थाट परक्या सत्तेनं आणलेला नाही की पर्यटकांसाठी चढवलेला नाही. एका मराठा सरदारानं आपल्या देवीसाठी तो हौसेनं उभा केला.

करमाळ्याला रेल्वे नाही. पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसायचं आणि जेऊरला उतरायचं. दौंड सुटलं की रान सपाट होत जातं. भिगवणच्या पुढं उजनीचं पाणी दिसायला लागतं आणि हिवाळ्यात त्या पाण्याच्या कडेनं रोहित पक्ष्यांचे थवे. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. पाणी मागं पसरत गेलं तशी कितीतरी गावं त्याखाली गेली. करमाळा तालुक्यानंही गावं, वाडे, देवळं, काळीभोर नदीकाठची जमीन दिली. आज त्याच पाण्यावर ऊस उभा आहे, केळीच्या बागा आहेत. कंदर गावची केळी परदेशी जातात. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र अजूनही टँकरची वाट बघणारी गावं आहेत. खिडकीतून दिसणारं हिरवेपण बघताना हे दोन्ही ध्यानात ठेवायला हवं.

या रुळांचा करमाळ्याच्या नशिबाशी थेट संबंध आहे. पुण्यापासून डिकसळपर्यंत रेल्वे 1858 मध्ये आली आणि 1860 मध्ये ती सोलापूरला पोचली. तालुक्यातून लोहमार्ग गेला, पण करमाळा गावाला टाळून गेला. जेऊरहून करमाळा 18-20 किलोमीटर. एसटी मिळते, नाहीतर वडाप आहेच.

निंबाळकरांच्या काळात हे गाव आडबाजूला नव्हतं. बालाघाटाकडून पुण्याला जाणारा आणि अहमदनगरहून सोलापूरला जाणारा, हे दोन्ही व्यापारी रस्ते इथं एकमेकांना छेदत. बैलांचे तांडे मुक्कामाला पडत, धान्य, तेल, कापड, जनावरं यांची उलाढाल होई. अशा नाक्यावर ठाणं मांडणारा माणूस हिशेबी असणार, हे उघड आहे.

रंभाजी निंबाळकर हे मूळचे मराठा मुलखातलेच, पण शाहू महाराजांच्या कारकिर्दीत जे सरदार निजामाच्या बाजूला गेले त्यांत ते होते. ‘रावरंभा’ हा किताब त्यांना त्याच चाकरीत मिळाला. एके काळी पुणे प्रांतावरही त्यांचा अंमल होता. पुढं तिकडची जहागीर सुटली आणि करमाळा हे घराण्याचं मुख्य ठाणं झालं. देवळाचं साल 1727 च्या आसपासचं धरलं, तर तो काळ मोठा अस्वस्थ होता. निजामुल्मुल्क आणि पहिला बाजीराव यांच्यात जुंपलेली होती. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडीत धरलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. लढाईच्या दोन्ही बाजूंना मराठे होते आणि दोन्हींकडच्या अनेक घराण्यांची कुलदेवता तुळजापूरची भवानी होती. निजामाच्या पदरी असलेला सरदार त्याच भवानीचं एवढं मोठं देऊळ बांधतो, यातून त्या काळची निष्ठेची गुंतागुंत ध्यानात येते. चाकरी एकीकडे आणि कुळाचार दुसरीकडे, हे तेव्हा एकाच घरात नांदत होतं.

मग गोपूर कशासाठी? यादवकाळापासून काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळांची सवय असलेल्या या भागात दक्षिणेची घडण का यावी? मराठ्यांचा त्याआधीचा प्रवास पाहिला, की ही घडण अनोळखी वाटत नाही. शहाजीराजांचं उत्तरायुष्य कर्नाटकात गेलं. व्यंकोजीराजांनी 1670 च्या दशकात तंजावरला मराठ्यांची गादी स्थापली. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी 1677 मध्ये शिवाजी महाराज श्रीशैलला गेले. तिथलं उत्तरेकडचं गोपूर आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. पुढं राजाराम महाराज 1689 मध्ये जिंजीला पोचले आणि जवळजवळ आठ वर्षं मराठ्यांचा कारभार त्या तामिळ किल्ल्यातून चालला. सरदार, शिलेदार, कारकून, पुरोहित असे हजारो लोक त्या वाटेनं गेले आणि परतले. कांची, तंजावर, तिरुवण्णामलैची देवळं त्यांनी डोळे भरून पाहिली होती. देवीचं घर भव्य करायचं, तर गोपूर हवंच, असं एखाद्या सरदाराला वाटावं, इतकी ती ओळख जवळची झाली होती.

देवळाचं खरं सौंदर्य मिश्रणात आहे. भोवती तटासारखी भिंत, पूर्व, दक्षिण आणि उत्तरेला दारं आणि त्यांच्यावर गोपुरं; इथवर दक्षिण. दाराबाहेरच्या दीपमाळा मात्र अस्सल मराठी. दक्षिणेत देवळासमोर ध्वजस्तंभ असतो. पायथ्यापासून टोकापर्यंत दिवे ठेवण्यासाठी हातासारखे दगड बाहेर काढलेल्या या दीपमाळा जेजुरीच्या आणि तुळजापूरच्या कुळातल्या. आत गेलं की फरसबंद आवार, कडेनं यात्रेकरूंसाठी ओवऱ्या, मध्ये दगडी खांबांचा मंडप आणि गाभाऱ्यावर शिखर. शिखरावर देवादिकांच्या मूर्ती बसवल्या आहेत. गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनीच्या रूपातली अष्टभुजा देवी.

सकाळी लवकर गेलं तर आवार बहुतेक मोकळं असतं. ओवरीच्या सावलीत बसून समोरच्या खांबांकडे नुसतं बघावं. दगड थंड असतो, आणि जिथं माणसांचे हात रोज टेकतात तेवढ्याच भागाला गुळगुळीत तकाकी आलेली दिसते. एखादी सासुरवाशीण ओटी घेऊन येते, खण-नारळ आईपुढं ठेवते, मळवट भरून घेते. दाराशी दुकानांत कुंकवाचे ढीग लावलेले असतात. कुंकवाचं केम याच तालुक्यात. हळदीपासून कुंकू बनवण्याचा धंदा त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि इथल्या बायका केमच्या कुंकवाचा रंग लांबूनही ओळखतात.

करमाळेकर पाहुण्याला एक आकडा आवर्जून सांगतात : 96. देवळाला खांब 96, ओवऱ्या 96, शिखरावरची चित्रं 96 आणि बारवेच्या पायऱ्याही 96. शहाण्णव कुळांशी हा आकडा लोक जोडतात. लहान मुलं मोजायला लागतात आणि दर वेळी नव्या बेरजेवरून त्यांचा वाद रंगतो. पण आकड्यापेक्षा ती बारव बघण्यात अर्धा तास घालवावा. तिला हत्ती बारव म्हणतात. हत्तीच्या मोटेनं इथलं पाणी उपसलं जाई, असं सांगतात. माळावर ऊन रखरखत असतं तेव्हा पायऱ्या उतरायला लागावं. दहा-बारा पायऱ्यांनंतर वारा थांबतो. वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर अंगाला गारवा लागतो, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज वरच राहतो आणि आपलंच बोलणं भिंतींवरून घुमून परत येतं. एवढी खोल चिरेबंदी बांधणी करायची, तर पैशाइतकीच पाण्याची पारख लागते. कमी पावसाच्या मुलखात देवळाइतकाच खर्च विहिरीवर करणारा माणूस रयतेची गरज ओळखून होता.

गावातही पाण्याची अशीच शहाणी व्यवस्था होती. सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर 1884 मध्ये प्रसिद्ध झालं. गावाच्या दक्षिणेकडच्या एका विहिरीतल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नळानं गावात येतं आणि वाटेत ठिकठिकाणी पाणी भरण्यासाठी हौद-विहिरी आहेत, असं त्यात नोंदलेलं आहे. त्याच पानांवर करमाळ्याच्या भुईकोटाचंही वर्णन येतं. रावरंभांनी कोट बांधायला घेतला आणि त्यांचे पुत्र जानोजी यांनी तो पुरा केला. दख्खनमधल्या मोठ्या कोटांत त्याची गणना होई. त्याचा विस्तार पाव चौरस मैल होता, आत शंभरएक घरं होती आणि मामलेदार कचेरीही तिथंच भरे. आज तट जागोजाग ढासळला आहे, बुरुजांवर झुडपं वाढली आहेत. तरीही तटाकडेनं सावकाश चालत गेलं, तर किल्ल्याचा आवाका कळतो.

त्याच गॅझेटियरनं आणखी एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली : करमाळ्याची बरीच वाहतूक रेल्वेनं ओढून नेली आणि गाव उतरलं. रेल्वे सोलापूरला पोचून तेव्हा जेमतेम चोवीस वर्षं झाली होती.

रुळांनी पाठ फिरवली की गावाचं काय होतं, याची अमेरिकेतली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. वॉशिंग्टन राज्यातलं लेव्हनवर्थ हे रेल्वे आणि लाकूड गिरण्यांवर जगणारं डोंगरातलं गाव. 1920 च्या दशकात रेल्वेनं आपलं यार्ड दुसरीकडे नेलं, गिरणीही बंद पडली आणि गाव ओस पडायला लागलं. शेवटी 1960 च्या दशकात गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं, की गावाला जर्मनीतल्या बव्हेरियाचं रूप द्यायचं. दुकानांचे दर्शनी भाग बदलले, उतरती छपरं आणि कोरीव सज्जे आले. आज ते सगळं बघायला लोक लांबून येतात.

लेव्हनवर्थच्या लोकांची जिद्द कौतुकाची आहे. पण त्यांना नवा वेष शिवून घ्यावा लागला. करमाळ्याला काही शिवायची गरज नाही. तीनशे वर्षांपूर्वीचं गोपूर, दीपमाळा, बारव, कोट हे सगळं अस्सल आहे आणि एका दिवसात पायी बघून होईल इतकं जवळजवळ आहे. कमी आहे ती आपल्या जाण्याची. अहिल्यानगरकडची गाडी तुळजापूरला किंवा पंढरपूरला निघते, अहिल्यानगर-टेंभुर्णी रस्त्यावर करमाळ्याची पाटी येते आणि गाडी चहापुरतीही न थांबता पुढं जाते.

तर पुढच्या खेपेला थांबावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. नवरात्रात आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत आवार माणसांनी फुलून जातं. जत्रेचा रंग बघायचा असेल तर तेव्हा जावं, बांधकाम निवांत बघायचं असेल तर ते दिवस टाळावेत. माघात ज्वारी काढणीला आलेली असते. दर्शन करून लगेच गाडीत बसू नये. बारव उतरून बघावी, तटाकडेनं चालावं, गावात भाकरी आणि शेंगाचटणी खावी, केमचं कुंकू घ्यावं. बारवेत प्लास्टिक टाकू नये आणि खांबांवर नावं कोरू नयेत. आणि करमाळेकरांना, तालुक्याच्या कारभाऱ्यांना एक कळकळीची विनंती : कोटाचा उरलेला तट आणि हत्ती बारव यांची डागडुजी जाणकारांच्या हातून, मूळच्या दगड-चुन्याला धरून करून घ्या, आणि ती लवकर करा. ढासळलेला बुरूज पुन्हा उभा करायला आता रावरंभा येणार नाहीत.